कुंभाराची लेक आणि सात वाट्या

फार पूर्वी, दोन डोंगरांच्या पल्याड एक गाव होतं. गावात सुतार होता, लोहार होता, भांडणं लावणारे दोघे-तिघे होते आणि ती मिटवणाराही एकजण होता. नव्हता तो फक्त वैद्य. दर पावसाळ्यात गावात ताप शिरायचा. मग आजाऱ्याला डोलीत घालून माणसं दोन्ही डोंगर ओलांडायची. काही डोल्या वेळेवर पोचायच्या, काही वाटेतूनच परत फिरायच्या.

त्या गावात एक कुंभार राहायचा. त्याच्या बायकोची डोली अशीच वाटेतून परत आली होती. त्याची लेक तेव्हा सात वर्षांची होती. त्या दिवसापासून ती जो भेटेल त्याला सांगत सुटली, "मी वैद्य होणार." लोकांना आधी हसू यायचं. पोर मोठी झाली तरी तिचं तेच चाललेलं बघून मात्र हसणं थांबलं. ती शिकायला निघाली त्या दिवशी घरटी एकेक मूठ धान्य तिच्या पदरात पडलं, आणि कुंभाराने गावच्या तांबड्या मातीचं एक मडकं तिच्या हातात ठेवलं.

"ह्यात शिजवून खात जा," तो म्हणाला. "आणि शिकून झालं की लगेच ये गं. लोकं वाट बघतात."

आपणही वाट बघणार आहोत, हे काही त्याने सांगितलं नाही. बापांना ते जमत नाही.

दुसऱ्या डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याशी एका म्हाताऱ्या वैद्यबुवांची वैद्यशाळा होती. तिथे पोथ्या होत्या, मोठा मळा होता आणि एक जुना नियम होता. रोज सकाळी मळा सांभाळणारी माळीण प्रत्येकाला शिधा द्यायची: पीठ, डाळ, आणि त्या दिवशी मळ्यात जे तरारलं असेल ते. कधी तांदुळजा, कधी दोडका, कधी अंबाडीची जुडी. ज्याने त्याने आपापल्या चुलीवर आपलं जेवण रांधायचं. शिळं उरवायचं नाही, दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही. नव्याने आलेल्यांना वाटायचं, बुवांना आचारी मिळत नसणार.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, चैत्रात, सात वाट्यांची परीक्षा असायची. सातही वाट्यांत बघायला नुसतं पाणी. पण आदल्या दिवशी प्रत्येकीत एखादं पान, साल किंवा मूळ भिजत घालून काढून टाकलेलं असायचं. एकेक घोट घ्यायचा आणि आत काय होतं ते सांगायचं. सात ओळखली की औषधांचा बटवा हातात पडायचा. चुकलेल्याला मृग लागायच्या आधी एकदाच पुन्हा बसता येई. तेही हुकलं की आपलं गाठोडं उचलायचं आणि घरची वाट धरायची. बटवा नसलेल्यापुढे नाडी बघायला कोणी मनगट धरत नसे.

"पोथी विसरली तर उघडून बघता येते," बुवा म्हणायचे. "चुकीचा काढा रोग्याच्या पोटात गेला की उघडून काय बघणार? वैद्याच्या जिभेने आधी सांगितलं पाहिजे."

कुंभाराची लेक हुशार होती आणि कष्टाळूही. पहिली दोन वर्षं छान गेली. तिच्या शेजारच्या चुलीवर एका विणकराची लेक रांधायची. ती भारी संथ. भाकरी टम्म फुगली की टाळ्या वाजवायची, भाजी निवडता निवडता पानाचा वास घेत बसायची. तिचं जेवण होईतो बाकीच्यांची भांडी घासून व्हायची.

"अगं, अशाने अभ्यास कधी करणार?" कुंभाराची लेक विचारायची.

"करू की. भाजी कुठे थांबते?" विणकराची लेक म्हणायची.

तिसऱ्या वर्षी पोथ्या जाड झाल्या. कुंभाराच्या लेकीला पावसाळ्याची धास्ती होती. एक वेलांटीसुद्धा पाठ करायची राहिली तर गावच्या एखाद्या माणसाचं बरंवाईट होईल, असं तिला वाटायचं. ती हिशेब करू लागली. निवडणं, चिरणं, चूल पेटवणं, थापणं, घासणं, यात दिवसाच्या चार घटका जातात. चार घटकांत चाळीस श्लोक होतात. रोजचे चाळीस श्लोक आपण चुलीत घालतोय!

आणि नेमक्या अशाच वेळी शाळेच्या फाटकाशी एक फेरीवाला आला. त्याच्या गोणीत पोपटी, पिवळे, भडक तांबडे पुडे होते. प्रत्येक पुड्यात वाळक्या शेवयांचं एक वेटोळं आणि मसाल्याची एक पुडी.

"गरम पाणी ओता, शंभर अंक मोजा, जेवण तयार!" तो ओरडत होता. "सहा महिने ठेवा, विटणार नाही! आळी होणार नाही! मुंगी लागणार नाही!"

मुंगी ज्याच्याकडे ढुंकून बघत नाही ते आपण का खावं, हा प्रश्न तेव्हा कोणाला सुचला नाही. भूक लागलेली असली आणि वेळ कमी असला की असले प्रश्न सुचत नाहीत.

"पण माझ्याकडे द्यायला काही नाही," कुंभाराची लेक म्हणाली.

"काही नको पोरी. तुझा सकाळचा शिधा दे आणि दोन पुडे ने. सौदा चोख."

तिने शिधा दिला, पुडे घेतले. पहिला घास जिभेवर पडला आणि तिचे डोळे विस्फारले. खारट, गोड, तिखट, आंबट, सगळं एकदमच. दिवाळी पेटावी तसं तोंड झालं. आणि चूल नाही, धूर नाही, भांडी नाहीत! त्या दिवशी तिने पन्नास श्लोक पाठ केले.

मग ते रोजचंच झालं. फेरीवाला सकाळी यायचा, शिधा न्यायचा, पुडे द्यायचा. शाळेत पाठांतरात तिचा हात धरणारं कोणी उरलं नाही. बापाने दिलेलं मडकं फळीवर पालथं पडलं आणि त्याच्यावर कोळ्याने जाळं विणलं. दुपारी तिला जडपणा यायचा, पोथीवर डुलकी लागायची, पोट कधी फुगायचं तर कधी रुसायचं. पण ते जागरणाने होत असेल, असं तिने ठरवून टाकलं. वैद्यकी शिकणाऱ्याला स्वतःचं दुखणं सोडून जगाचं सगळं कळतं.

एकदा विणकराच्या लेकीने तिला आपल्या मुगाच्या वरणाची वाटी दिली. हिने घोट घेतला आणि म्हणाली, "अगं, मीठ विसरलीस."

"नाही गं. बरोबर आहे."

"मग हिंग तरी?"

विणकराची लेक तिच्याकडे बघत राहिली. हिने कमरेची मसाल्याची पुडी काढली आणि वरणावर उपडी केली. मळ्यातून येणाऱ्या माळणीने ते पाहिलं.

"गाढवाला गुळाची चव काय!" माळीण म्हणाली आणि हसत निघून गेली. कुंभाराच्या लेकीला राग आला. आपल्याला अख्खी पोथी येते आणि ही माळीण आपल्याला गाढव म्हणते!

चैत्र उजाडला. परीक्षेच्या सकाळी तिने घाईघाईने एक पुडा खाल्ला, शंभरऐवजी साठच अंक मोजले, आणि बुवांच्या पुढे जाऊन बसली. सात वाट्या ओळीने मांडल्या होत्या.

पहिल्या वाटीत तिला सुंठ कळली. दुसरीत काडेचिराईत होतं, ते तर मेलेल्यालाही कडू लागेल. तिसऱ्या वाटीचा घोट घेतला आणि ती थांबली. तिथे काही नव्हतं. तिने पुन्हा घोट घेतला. पाणी. चौथी वाटी, पाणी. पाचवी, सहावी, पाणीच. तिच्या कपाळाला घाम फुटला. वाळ्याचे गुण सांगणारे बारा श्लोक तिला तोंडपाठ होते, ज्येष्ठमधाचे अठरा. पण समोरच्या वाटीत वाळा आहे की ज्येष्ठमध, हे सांगणारं तोंड तिच्याकडे नव्हतं. तिने अंदाजाने नावं घेतली. सातव्या वाटीला ती म्हणाली, "अडुळसा."

बुवांनी सातवी वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "दोन बरोबर. चार चूक. आणि सातव्या वाटीत औषध नव्हतंच, मुली. साधं पाणी होतं. कालपासून एका मडक्यात ठेवलेलं."

त्यांनी मागे हात घातला आणि मडकं पुढे ठेवलं. तांबड्या मातीचं.

"तुझ्या फळीवरून काढलं, जाळं पुसलं, धुतलं आणि पाणी भरलं. मडकं तिथे नाही, हे तुझ्या लक्षात आलं नाही. आणि तुझ्या बापाच्या हातच्या मातीची चव तुझ्या जिभेवर आली, तीही तुला कळली नाही."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुवा रागावले असते तर बरं झालं असतं. ती उठली आणि नदीकडे चालत सुटली. विणकराच्या लेकीने सातही वाट्या ओळखल्या, हे तिला नंतर कळलं.

दुपार झाली होती. नदीकाठी उंबराखाली तीन दगडांची चूल पेटली होती आणि तिच्यापाशी फेरीवाला बसला होता. बाजूला पुड्यांची गोणी. तव्यावर भाकरी, आणि लहानशा पातेलीत लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी रटरटत होती. चुलीजवळ केळीच्या वाळल्या सालीचं एक सोपट पडलं होतं. सकाळी माळणीने तिला दिलेली अंबाडीची जुडी त्याच सोपटाने बांधली होती. शिधा तिचाच होता.

"ये पोरी, बस. जेवलीस?" फेरीवाला म्हणाला. माणूस मनाचा वाईट नव्हता.

ती गोणीकडे बघत राहिली. "काका, तुमच्याकडे एवढे पुडे आहेत. तुम्ही त्यातला का नाही खात?"

"पुडे?" तो खो खो हसला. "ते विकायचे असतात गं. मी दिवसाला आठ-दहा गावं चालतो. ते खाऊन पाय उचलतील होय? माझी बायको तर पुडा उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. म्हणते, बाहेर ठेवा, पोरांच्या हाताला लागेल."

"मग आम्हाला का दिलेत?"

"तुम्ही मागितलेत," तो म्हणाला, आणि त्याने अर्धी भाकरी अंबाडी घालून तिच्या हातावर ठेवली. "घे. तुझंच आहे."

तिने घास घेतला. अंबाडीने तोंड वाकडं होतं, दात आंबतात, लहान मुलं एक डोळा मिटून ती खातात. तिला मात्र वाळलं गवत चघळल्यासारखं वाटलं. इतका वेळ आवरलेलं रडू तेव्हा फुटलं. आईची डोली आठवली, पदरात पडलेल्या मुठी आठवल्या. एवढे दिवस ती रोज सकाळी फाटकाशी जाऊन चांगलं देत होती आणि वाईट घेत होती, आणि वर वेळ वाचवला म्हणून खूश होत होती.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी मळ्यात गेली.

"मावशी, माझी जीभ मेली का हो?"

माळणीने तिच्याकडे पाहिलं आणि या खेपेला ती हसली नाही. "जीभ मरत नाही पोरी. रुसते. तिच्यापुढे रोज ढोल बडवलास, आता तिला कुजबूज कशी ऐकू येणार? ढोल बंद कर. गुपचूप रांधून खा. येईल समजुतीला."

"किती दिवसांत?"

"ते तिला विचार. मला काय विचारतेस?"

तिने मडक्यात मुगाची डाळ शिजवली, भाकरी थापली. पहिली भाकरी भाजताना फाटली, दुसरी करपली. हातही विसरले होते. आणि खाल्लं तर सगळं अळणी. पहिला दिवस अळणी, तिसरा दिवस अळणी. आठव्या दिवशी फाटकाशी "शंभर अंक मोजा" ऐकू आलं आणि तिचे पाय आपोआप तिकडे वळले. तिने शिधा दिला, पुडा घेतला आणि भिंतीआड बसून खाल्ला. चट्टामट्टा. मग दुसऱ्या दिवशीचं वरण पहिल्यापेक्षाही बेचव लागलं. तेव्हा तिने कानाला खडा लावला, आणि फेरीवाला येण्याच्या वेळेला ती मुद्दाम विणकराच्या लेकीच्या चुलीशी जाऊन भाजी निवडत बसू लागली. बटवा मिळूनही विणकराची लेक मैत्रिणीसाठी थांबून राहिली होती.

"श्लोक राहतात ना गं माझे," कुंभाराची लेक कुरकुरली.

"म्हण की इथेच. जात्यावर बसलं की ओवी सुचते, चुलीपुढे बसून श्लोक आठवणार नाही होय?"

आणि गंमत अशी की श्लोक इथेच नीट बसले. धण्याचा श्लोक म्हणताना हातात धणे होते. सुंठीचा श्लोक म्हणताना आलं किसत होती. पोथीत जे नुसतं नाव होतं त्याला वास आला, रंग आला, बोटांना चिकटणारा चीक आला. दुपारच्या डुलक्याही थांबल्या. पूर्वी चार घटका वाचवून ती दोन प्रहर पेंगत होती, हे आता तिच्या ध्यानात आलं.

एकोणिसाव्या दिवशी ती कोरडी भाकरी चावत होती. भाजी अजून व्हायची होती, भूक आवरेना म्हणून तुकडा मोडला होता. चावता चावता ती थांबली. भाकरी गोड लागत होती. गूळ नाही, साखर नाही, नुसती ज्वारी. ती तशीच उठली आणि हातातला तुकडा नाचवत मळ्याकडे धावली.

"मावशी! गोड आहे! भाकरी गोड आहे!"

"असतेच गं," माळीण म्हणाली. पण तिने पदराने डोळे टिपले.

मृगाला दोन दिवस उरले होते. पुन्हा सात वाट्या मांडल्या गेल्या. कुंभाराची लेक हात जोडून बसली. पहिला घोट घेऊन ती म्हणाली, "वाळा." दुसरीला म्हणाली, "धणे." तिसरीला थोडा वेळ लागला. "बेलाचं पान. कोवळं." मग ज्येष्ठमध, मग गुळवेल, मग शतावरी. बुवा मान हलवत होते, चेहऱ्यावर काही दाखवत नव्हते.

तिने सातवी वाटी उचलली. घोट घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घोट घेतला.

"हे साधं पाणी," ती म्हणाली. "मडक्यातलं."

"कुठल्या मडक्यातलं?"

"माती आमच्या गावची आहे, गुरुजी. पण..." तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण हे माझं मडकं नाही. माझ्या मडक्याला आता वरणाचा वास आहे. ह्याला अन्न शिवलेलंच नाही. भट्टीचा धूर अजून ताजा आहे. हे मडकं नवं आहे. आठ-दहा दिवसांपूर्वी भाजलेलं."

आणि एकदम तिने डोळे उघडले.

"बा आलाय! गुरुजी, माझा बा आलाय का हो?"

दाराआडून कुंभार पुढे आला. चैत्र उलटला तरी लेक परतली नाही म्हणून काल संध्याकाळीच तो दोन डोंगर ओलांडून, खांद्यावर नवं मडकं घेऊन आला होता. बुवांनी त्याला लपवून ठेवलं होतं. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण तो एवढंच म्हणाला, "बारीक झालीस गं." आणि लेक त्याच्या गळ्यात पडून इतकी रडली की बुवांना बटवा हातात धरून ताटकळत उभं राहावं लागलं.

त्या पावसाळ्यात गावात ताप आला, जसा दर वर्षी यायचा. पण डोली एकही निघाली नाही. कुंभाराची लेक घरोघर फिरली, काढे दिले, आणि काढ्यांच्या आधी प्रत्येक चुलीपुढे स्वतः बसून तांदळाची गरम पेज करायला शिकवली.

पुढे बऱ्याच दिवसांनी तोच फेरीवाला त्या गावात आला. पोपटी, तांबडे पुडे बघून पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. वैद्यबाई दारात उभी होती. तिने पोरांना हटकलं नाही, फेरीवाल्याला हाकललं नाही. तिने फक्त मोठ्याने विचारलं, "काका, आज काय जेवलात?"

फेरीवाल्याने तिला ओळखलं. खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं. डोकं खाजवत तो म्हणाला, "नाचणीची भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक चिमुरडी पुढे झाली, हातातला पुडा तिने गोणीत परत टाकला आणि विचारलं, "भाजी उरलीय का?"

तात्पर्य: विकणाराच जे आपल्या घरात नेत नाही, ते आपण पोटात नेऊ नये. आणि शिकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं की आपल्या हाताने रांधलेल्या ताज्या घासाला लागलेला वेळ अभ्यासातून वजा होत नसतो.